डावं-उजवं

रंग खरवडला तेव्हा कळलं,
गाडी डावीकडे चार मिलिमीटर जाड आहे.

टोलेडोत नोव्हेंबर होता. शेडचं दार अर्धं ओढलेलं,
हीटरपाशी मी आणि हा सांगाडा,
इंडियानातल्या एका कोंबडीवाल्याच्या कोठारातून आणलेला.
सीटमध्ये उंदरांनी संसार थाटलेला,
छपराचं कापड कधीच विरून गेलेलं,
नुसत्या कमानी उरलेल्या, मोडक्या छत्रीच्या काड्यांसारख्या.
अशा अकराच झाल्या म्हणतात. मग कंपनीच बुडाली.
अंग तुरिनचं, इंजिन डेट्रॉइटचं.

इंजिनाची गोष्ट मला ठाऊक आहे, ते आमच्या शेजारचंच.
आठ सिलिंडर, ओतीव लोखंड, ट्रकलाही चाललं असतं असं,
भुशाच्या खोक्यातून जिनोव्याच्या बंदरात उतरलेलं.
गेलं तेव्हा उघडंबोडकं होतं,
परत आलं ते पत्र्याचं रेशीम लेवून,
आणि कस्टमवाल्यांनी त्याला ओळख दिली नाही,
परदेशी मालाचा कर लावला.
माझा बाप हे सांगून एकटाच हसायचा.
तो त्या फाउंड्रीत होता. आमचं हसणं त्याला ऐकू यायचं नाही.

चार मिलिमीटर.
मी दोनदा दोरी धरली, तिसऱ्यांदा स्वतःवरच वैतागलो.
हॅल्डेमनसाहेब म्हणाले, सारखं करून टाक, रॉस्को,
ऑगस्टमध्ये हिरवळीवर स्पर्धा आहे,
परीक्षक पांढरे हातमोजे घालून येतात,
डावं-उजवं करतात.

मडगार्डच्या आत, जिथे हात जातो पण नजर जात नाही,
तिथे आरसा सरकवला.
डावीकडे खडूनं लिहिलेलं, एवाझ्यो.
उजवीकडे, सेकोंदो.
म्हणजे दोघं होते.
एक लाकडी ठोकळा, एक वाळूची पिशवी,
मध्ये ही गाडी, आणि दोघांची दोन मतं.
एवाझ्योचे घाव दाट, तांदूळ सांडावेत तसे.
सेकोंदोचे लांब, सैल,
जेवणाच्या सुट्टीकडे डोळा ठेवून मारलेले.
(की त्याचाच हात जास्त तयार होता? सांगता येत नाही.)
एवाझ्योच्या नावाखाली तासांचा हिशेब,
९, ९, ७, ११.
अकरावर आडवी रेघ. रेघेचा खडू वेगळा, निळा.

मी आत हात घातला.
माझा अंगठा त्याच्या एका खळग्यात बसला
आणि काही वेळ मी तो काढला नाही.

इंजिनाच्या ब्लॉकवर असं काही नाही.
तिथे शिफ्टचा नंबर आहे, उठावदार, नीटस.
ओतीव कामात माणसाचा हात दिसत नाही,
तो साच्यातच राहतो. कान भट्टीपाशी.

उजवीवर शिसं चढवावं, तर सेकोंदो खोटा पडतो.
डावी ठोकून बसवावी, तर ते तास.
फेब्रुवारीत इंजिन पहिल्यांदा सुरू केलं,
दारं नाहीत, काच नाही, छप्पर तर नाहीच.
पत्रा थरथरला. डावा आधी, मग उजवा,
एकाच बातमीवर दोन भाऊ हलावेत तसा.
मी इंजिन बंद केलं आणि रंगाचे डबे उघडले.

गर्द हिरवा. त्यात चार मिलिमीटर दिसत नाहीत,
फक्त उजेड डाव्या अंगावर
जरासा जास्त रेंगाळतो.
साहेबांना सांगितलं, झालं.
हिरवळीवर तिला दुसरा नंबर मिळाला. पहिला कुणाला, विसरलो.
एक म्हातारी परीक्षक मात्र तिच्या डावीकडे
हातमोजा काढून उभी होती.

बिलात मी एक ओळ घातली होती,
डावी बाजू, अकरा तास.
साहेबांनी न विचारता सही केली.

ते पैसे वेगळ्या पाकिटात आहेत, खिळ्यांच्या डब्याखाली.
पाकिटावर तुरिन लिहून ठेवलंय.
आडनाव ठाऊक नाही.